चॉकलेटातले चिकू आणि पाव लादी बर्फ

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न वापीला होतं. तिथे मी पहिल्यांदा चॉकलेटात बुडवलेली स्ट्रॉबेरी खाल्ली. २०१६ सालचा जानेवारी. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, तलासरीच्या शाळेत भूगोल शिकवणारी आणि डहाणूला आईजवळ राहणारी बिनलग्नाची बाई होते. हॉलच्या कोपऱ्यात एका टेबलावर गार ताटांत त्या स्ट्रॉबेऱ्या मांडल्या होत्या, समोर सगळी पोरांची रांग. मी पोरांत उभी राहिले. एक तोंडात टाकली. दाताखाली वरचं कवच कटकन तुटलं आणि आतून गार, आंबट रस आला. मी पुन्हा रांगेत गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वाढणारा माणूस म्हणाला, "बेन, डिशच घेऊन जाओ ने!" आमच्या शाळेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. मी खरोखरच डिश घेऊन आले.

घरी येताना ठरवलं, हे आपण करायचं. वापीच्या बाजारातल्या केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून चॉकलेटची एक वीट आणली. स्ट्रॉबेरी काही आमच्याकडे रोज मिळणारी वस्तू नाही. पण घरामागे आमची लहानशी वाडी होती, आणि वाडीत चिकूच चिकू.

आई ओट्यापाशी येऊन उभी राहिली. "चिकूला आणखी गोड करणार? उद्या गुळाला साखर लावशील."

आईचं बोलणं असंच. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच घरात, त्यामुळे तिच्या बोलण्याला गिऱ्हाईक मी एकटी. मी एका पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यावर दुसऱ्या पातेल्यात चॉकलेटचे तुकडे. छान वितळायला लागलं. मग मी झाकण ठेवलं. झाकणाची वाफ चॉकलेटात पडली, आणि बघता बघता त्या गुळगुळीत चॉकलेटाचा रवा झाला. चमचा उभा राहील असा. आईने बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, "चव बरी आहे. फक्त लाटणं आण."

दुसऱ्या खेपेला झाकण नाही ठेवलं. चॉकलेट चांगलं वितळलं, पण चिकूच्या फोडी इतक्या रसाळ की त्यावर ते ठरेना. वरून घातलं की खाली घसरायचं. तिसऱ्या खेपेला फोडी फडक्याने टिपून फ्रिजमध्ये गार केल्या. त्या खेपेला चॉकलेट बसलं. मग माझ्या लक्षात आलं की चिकू अगदी मऊ झालेला नको, जरा करकरीत हवा. केळ्याचे काप सगळ्यात सोपे. पांढरे जाम अगदीच वाया गेले, पाण्याने भरलेलं फळ ते, चॉकलेट आतून सुटून टरफलासारखं हातात आलं. आणि सगळ्यात चांगलं काय लागलं, तर करवंद. तलासरीहून येताना रस्त्यात बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसायच्या. एप्रिलअखेर पहिली काळी करवंदं आली, ती मी काडीला टोचून बुडवली. त्या आंबट-गोडाला ते कडसर चॉकलेट असं काही लागलं की आईने पाच-सहा खाल्ली आणि मग म्हणाली, "बिया फार आहेत."

माझ्यासमोर ती एवढंच बोलली. बाहेर मात्र तिने काय सांगितलं होतं ते मला आठवड्याने कळलं. तिच्या भजनी मंडळात तिने जाहीर केलं होतं की आमची लेक वापीच्या हॉटेलासारखं करते, शनिवारी सगळ्यांनी चाखायला यायचं.

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

शनिवारी सकाळी शाळेतलं सुट्टीतलं काम उरकून मी घरी आले. सगळी फळं टिपून तयार केली, चॉकलेट वितळवलं, बुडवलं, ताटं फ्रिजमध्ये ठेवायला दार उघडलं, तर आतला दिवा लागेना. वीज होती, पंखा फिरत होता. फ्रिजच गेला होता. मे महिन्याची दुपार, बाहेर वाराही नाही. ताटातलं चॉकलेट डोळ्यांदेखत ओघळायला लागलं. आई देवापुढे जाऊन बसली. आणि मी स्कूटर काढून खाडीवर गेले, कारण बर्फ कुठे मिळतो ते डहाणूत सगळ्यांना माहीत असतं.

बर्फाच्या कारखान्याच्या दारात मी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. आत मोठा गारवा, ओल्या जमिनीवरून बर्फाच्या लाद्या सरकत होत्या, एका बाजूला यंत्रात लादी घातली की चुरा होऊन टोपल्यात पडत होता. टेम्पोत मासळीची खोकी भरली जात होती. एका लाकडी टेबलामागे मालक बसले होते. पन्नाशीचे, पांढरा सदरा, कानावर पेन.

"बोला बेन. लादी की चुरा?"

"चुरा. थोडा. घरी न्यायचाय."

"मासळी कोणती? पापलेट असेल तर चुरा जास्त लागेल."

"मासळी नाही," मी म्हटलं. "चॉकलेट आहे."

त्यांनी कानावरचं पेन काढून टेबलावर ठेवलं. मग मी सगळं सांगितलं. भजनी मंडळ, फ्रिज, चिकू, आई. सांगताना मला रडू येईल असं वाटत होतं आणि ते मात्र हसत होते. पण ते हसणं वाईट नव्हतं. त्यांनी उठून मागून थर्माकोलचं एक कोरं खोकं आणलं, त्याचं प्लास्टिकही फाडलं नव्हतं. "जुन्या खोक्यात बोंबलाचा वास लागेल. तुमच्या बायका भजनाच्या ना, त्यांना नाही चालणार." पाव लादीचा चुरा करून खोक्यात भरून दिला, आणि वर जाड्या मिठाची पुडी. "मीठ मिसळा बेन, आणखी गार होईल. ताट बर्फाला टेकू द्या, पण पाणी आत जाऊ देऊ नका."

पैसे विचारले तर म्हणाले, "आधी चॉकलेट होऊ द्या."

झालं. इतकं छान झालं की माझा मलाच विश्वास बसेना. भजनी मंडळाच्या बायका हातपाय धुऊन ओळीने बसल्या, प्रसाद घ्यावा तसा एकेकीने हात पुढे केला. सगळ्यात वयस्कर आजींची कवळी चिकूत अडकली. त्यांनी ती शांतपणे काढली, पदराने पुसली, बसवली आणि दुसरा चिकू मागितला. आई सगळ्यांना सांगत होती, "फार सोपं असतं, फक्त गारवा सांभाळावा लागतो."

दुसऱ्या दिवशी मी खोकं परत करायला गेले, तेव्हा डब्यात चार चिकू आणि थोडी करवंदं नेली. मालकांनी एक करवंद तोंडात टाकलं आणि एकेक बी हातावर काढली. मग म्हणाले, "सारू छे." नंतर त्यांच्या लक्षात आलं की मी मराठी, तर पुन्हा म्हणाले, "मस्त आहे बेन." मला पहिल्यांदाच कळलं होतं.

त्यांचं घराणं तीन पिढ्या डहाणूत. घरी गुजराती, बाजारात मराठी, टेम्पोवाल्यांशी हिंदी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी लग्न होऊन वलसाडला. स्वतः मासे खात नसत. "आयुष्यभर मासळीवर जगतो आणि ताटात बटाटा," असं ते स्वतःच सांगायचे. हे सगळं मला एकदम नाही कळलं. फळं बुडवायचा दिवस आला की मी बर्फ आणायला जायची, आणि चुरा होईपर्यंत बोलणं व्हायचं. बदल्यात डबा घेऊन जायची. ते त्यातलं एक खायचे आणि म्हणायचे, "बाकीचं नंतर."

एकदा आईने विचारलं, "फ्रिज दुरुस्त झाला ना?"

"झाला की."

"बर्फ करत नाही का तो आता?"

मी फ्रिज उघडून उगाचच आत बघितलं.

जूनपासून मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बर्फाला मागणी नाही, कारखान्यात तेलपाणी आणि रंगरंगोटी. मालकांना वेळच वेळ. एका रविवारी ते आमच्या दारात उभे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वलसाडच्या हापूसची पेटी, मोसमातली शेवटची. "बेन, आंबा होतो का बघू या."

आंबा नाही झाला. पण ते स्वयंपाकघरात पाटावर बसून आईबरोबर फोडी टिपत राहिले, आणि आई त्यांना सांगत राहिली की टिपायचं कसं. तिला शिकवायला कोणीतरी नवं मिळालं होतं. त्यानंतर ते दर रविवारी यायचे. कमरख आणली, ते पाच धारांचं आंबट फळ; आडवे काप करून त्याच्या चांदण्या बुडवल्या. वाळवलेल्या चिकूचे काप आणले, ते इतके चांगले झाले की आईने डबा लपवून ठेवला. पावसाळ्याच्या दमट हवेत चॉकलेटवर घाम यायचा, बोटांना चिकटायचं. आम्ही तिघं चिकट बोटांनी चहा प्यायचो. मला आठवतं, त्या दिवसांत शाळेतून परतताना पावसात रस्ता कितीही खराब असला तरी मी मनातल्या मनात पुढच्या रविवारची फळं ठरवत असायची.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि रविवार बंद झाले. मला कारण माहीत होतं. वाढवणपासून धाकट्या डहाणूपर्यंतचे सगळे बर्फ मागत असणार, माणसाला जेवायला वेळ नसणार. तरीही पहिल्या रविवारी मी फळं चिरून ठेवली होती. संध्याकाळी त्यांचं शिकरण केलं.

आईने वाटी पुढे ओढली आणि खाता खाता म्हणाली, "एक विचारू? हल्ली तो तुला बेन म्हणत नव्हता. लक्षात आलंय का तुझ्या?"

माझ्या नव्हतं आलं. मी आठवून बघितलं. सुरुवातीला प्रत्येक वाक्याला बेन असायचं. जुलैत ते बंद झालं होतं. त्या जागी ते दुसरं काहीच म्हणत नसत, नुसतं थांबायचे, मी वर बघेपर्यंत. गुजरातीत बेन म्हणजे बहीण, हे मला काय कोणी सांगायला हवं होतं? पण माणूस ते हाक म्हणून वापरतो, त्याचा अर्थ कोण बघतो. आणि वापरणं बंद केलं तर?

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"आंब्याच्या वेळी म्हणत होता. कमरखीच्या वेळी नाही." आईने वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "मी काही बोलले नाही. उगाच नजर लागायची."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट खाडीवर गेले. डबा नाही, खोकं नाही, मोकळ्या हाताने. कारखान्यात ही गर्दी. मला बघून ते टेबलावरून उठले. यंत्राचा इतका आवाज की बोललेलं ऐकू येईना, म्हणून आम्ही बाहेर आलो. तिथे जाळी वाळत घातली होती.

"बर्फ हवाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी वाळत घातलेल्या जाळीतली एक काडी सोडवून टाकली. मग म्हणाले, "मी तुम्हाला हल्ली बेन म्हणत नाही. तुम्हाला चाललं ना?"

"चाललं," मी म्हटलं.

एवढंच. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि मी स्कूटरवर बसून घरी आले. आशागडच्या बाजूने येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की त्या दिवशी मी त्यांच्या समोरून गेले, त्यांनी हाक मारली, हात केला, पण मी एकटीच हसत पुढे निघून गेले.

माझी मोठी बहीण वाणगावला. आम्ही लग्न करायचं ठरवलंय हे तिला कळलं तशी ती दुपारच्या गाडीने आली. "या वयात? आणि त्यांच्यात?" असं तिने दोनदा विचारलं. आईने तिच्यापुढे वाळवलेल्या चिकूचा लपवलेला डबा ठेवला. ती संध्याकाळी परत गेली तेव्हा डबा बरोबर घेऊन गेली, आणि जाताना विचारून गेली की साडी कोणत्या रंगाची घेणार आहेस.

मला भीती होती ती वलसाडच्या मुलीची. दिवाळीनंतर ती मला बघायला येणार होती. मी दोन दिवस आधीपासून तयारी केली. चिकू, केळी, कमरख, सगळं ताटात मांडून ठेवलं. मुलगी आली, आईच्या पाया पडली, माझ्याकडे बघून हसली. मी ताट पुढे केलं. तिने एक केळं उचललं, खाल्लं, छान म्हणाली, आणि मग बापाच्या हातात चिकू बघून एकदम म्हणाली, "पप्पा! तुमची शुगर!"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चिकू ताटात परत ठेवला.

"कसली शुगर?" मी विचारलं.

"दहा वर्षं गोळ्या चालू आहेत," मुलगी म्हणाली. "तुम्हाला नाही सांगितलं?"

मे महिन्यापासून मी या माणसाला डबे भरभरून चॉकलेट आणि चिकू देत होते. मला राग आला. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"एकेकच खायचो," ते जमिनीकडे बघून म्हणाले. "बाकीचं कारखान्यातली माणसं खायची."

तेव्हा मला आठवलं, एकदा यंत्रावरचा माणूस मला म्हणाला होता, "बाई, मागच्या वेळचं केळं भारी होतं." त्याला कसं कळलं, असा प्रश्न मला पडला होता, पण मी तो तिथेच सोडला होता.

"पण सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही डबा आणणं बंद केलं असतं."

मुलगी आधी बापाकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. हसणं आवरल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आता यांच्यावर लक्ष तुम्हीच ठेवा. माझं ऐकत नाहीत." आम्ही दोघींनी त्याच दिवशी ठरवलं की त्यांच्या वाट्याला यापुढे बिनसाखरेचं, कडू चॉकलेट. त्यात आवळ्याच्या फोडी. ते खाताना त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

फेब्रुवारीत नोंदणी करून लग्न केलं. वाडीत पन्नास-साठ माणसं बोलवायची आणि जेवणानंतर आम्ही स्वतः बुडवलेली फळं द्यायची, ही कल्पना मुलीची. इतकी फळं घरच्या फ्रिजमध्ये मावली नसती. तेव्हा त्यांनी बर्फाच्या खोलीची चावी दिली.

आदल्या दिवशी आम्ही कारखान्यातली ती जाड भिंतींची खोली धुऊन घेतली आणि एका बाजूला फळ्या मांडून त्यावर स्वच्छ चादरी अंथरल्या. डहाणूत कोणाकडे स्वेटर असतो? आईने वडिलांची माकडटोपी शोधून काढली, काशीयात्रेला घेतलेली. बहिणीने दोन शाली एकावर एक गुंडाळल्या. मुलीने बापाचा कोट घातला. मी शाळेच्या सहलीला घेतलेलं जाकीट. बाहेर ऊन तापलेलं आणि आत आम्ही चार बायका, तोंडातून वाफा सोडत, फळं बुडवतोय. चॉकलेटचं पातेलं बाहेरच्या शेगडीवर. ते आत आणलं की बघता बघता घट्ट व्हायला लागायचं, म्हणून भराभर हात चालवायचे, आणि नवरदेव सारखा पातेलं घेऊन आत-बाहेर करत होता.

"पाणी पडू देऊ नका त्यात," आई माकडटोपीतून ओरडायची.

"नाही आई."

"झाकण नाही ना ठेवलं?"

"नाही आई."

बर्फ न्यायला आलेली होडीवाली मंडळी दारातून डोकावायची. एकाने विचारलं, "शेठ, ही कोणती मासळी?" आईने त्याच्या हातावर केळ्याचा काप ठेवला. मग काय, बातमी धक्क्यावर पोचली. जो येईल तो आधी खोलीच्या दारात हात पुढे करून उभा, मग बर्फ. दुपारपर्यंत केळी संपली, पुन्हा आणावी लागली. गंजाडहून भाजीचा टेम्पो घेऊन येणारा एकजण शेजारच्या हॉटेलात चहा पीत होता, त्याला गाठून बहिणीने त्याच्याकडे असतील नसतील तेवढी केळी घेतली.

दुसऱ्या दिवशी वाडीत पानं वाढली, लोक जेवले. मग लाकडी खोक्यांतून गार ताटं निघाली. माझ्या शाळेतल्या बायका, भजनी मंडळ, कारखान्यातली माणसं, वलसाडचे पाहुणे, सगळे एकाच टेबलाभोवती. कोणी गुजरातीत विचारत होतं, कोणी मराठीत सांगत होतं. यंत्रावरचा माणूस नव्या माणसांना समजावत होता की करकरीत चिकू कसा ओळखायचा. ऊन चढलं तशी ताटातली शेवटची फळं पाघळायला लागली, तेव्हा आईने चमचे वाटले.

सगळे गेल्यावर आमच्या लक्षात आलं की आम्ही घरातले चौघं जेवलोच नव्हतो. वाढता वाढता राहून गेलं होतं. आईने खिचडी टाकली, कढी केली. मुलगी पापड भाजायला बसली आणि आईने तिला पापड कसा भाजतात ते सांगायला सुरुवात केली. मुलगी तिला आजी म्हणावं तसं बा म्हणायला लागली होती. म्हणाली, "बा, आमच्याकडे असाच भाजतात." आई म्हणाली, "मग तुमच्याकडे चुकीचा भाजतात." माझा नवरा माझ्याकडे बघून हसला आणि त्याने ताटं घेतली. वाडीत संध्याकाळचा वारा सुटला होता. अंगणात चटई टाकून आम्ही चौघं जेवायला बसलो. खिचडी गरम होती, कढीत मिरची जरा जास्त झाली होती, आणि कोणालाही गोड काहीही नको होतं.